विहीर, कुत्रा आणि घाबरलेलं मूल

मूल घाबरलं की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, लाडावून ठेवलंय, एकदा सोडा एकटं म्हणजे शिकेल. दुसरा म्हणतो, असू दे, लहान आहे, मोठं झालं की जाईल. आमच्या घरात हा वाद माझ्या सात वर्षांच्या पुतण्यावरून पेटला. त्याला कुत्र्यांची भीती वाटते. सोसायटीच्या फाटकाशी भटकी कुत्री कायम पसरलेली असतात, म्हणून तो खाली खेळायला जाईनासा झाला. शाळेच्या व्हॅनपर्यंत त्याला कुणीतरी कडेवर घेऊन जायचं आणि कडेवरच परत आणायचं.

वाद घालणारे दोघे सख्खे भाऊबहीण. माझे बाबा निवृत्त व्यायामशिक्षक. आत्या आधी बालवाडीत शिकवायची, पुढे मानसशास्त्र शिकून शाळांमधून मुलांचं समुपदेशन करू लागली. दोघांचं बालपण रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका घरात, एकाच विहिरीच्या काठी गेलं. हे आधी सांगून ठेवतो, कारण बोलणं फिरून फिरून त्या विहिरीशी येत होतं. मी मधे फारसा पडलो नाही. ऐकताना जे वाटलं ते मात्र जागोजागी लिहिलं आहे.

बाबा : हा मुलगा उद्या कॉलेजात जाणार, नोकरीला जाणार. तिथे काय कुत्री नसतील? आत्ताच मोडायला हवी ही भीती. मी नेतो त्याला खाली आणि उभा करतो कुत्र्यासमोर. पाच मिनिटं रडेल, मग त्यालाच कळेल की काही होत नाही.

आत्या : आणि नेमका तेव्हाच कुत्रा भुंकला तर?

बाबा : भुंकू दे की! भुंकला म्हणजे चावला असं थोडंच आहे?

आत्या : हे तुला माहीत आहे, त्याला नाही. अरे, जरा त्याच्या उंचीवरून बघ. कुत्र्याचं तोंड तुझ्या गुडघ्याशी येतं, त्याच्या पोटाशी येतं.

बाबा : आपल्याला शिकवताना कुणी अशी उंची मोजली होती? श्यामच्या आईने काय केलं? पोहायला नको म्हणून पोरगा लपून बसला, तर शिंपटीने मारत विहिरीवर धाडला. साने गुरुजींनी स्वतः लिहिलंय हे.

आत्या : लिहिलंय ना. १९३३ साली, नाशिकच्या तुरुंगात बसून. तिशी उलटून गेली होती त्यांची, तरी तो मार आठवत होता. आणि मुलाच्या अंगावरचे वळ पाहून आईच्या डोळ्यांत आलेलं पाणीही आठवत होतं. तू शिंपटी तेवढी लक्षात ठेवलीस, दादा. आईचं रडणं विसरलास.

बाबा : पण पोहायला शिकला की नाही?

आत्या : शिकला. आपल्या विहिरीवर तूही शिकलास. कसा शिकलास, आठवतंय?

बाबा : आठवतंय तर! काकांनी मागून ढकललं आणि पडलो धप्पदिशी. नाकातोंडात पाणी गेलं, आणि चार दिवसांत पोहायला लागलो.

आत्या : तुझ्या पाठीला सुका भोपळा बांधला होता. धाकटे काका आधीच पाण्यात उतरले होते, तू पडलास तो जवळजवळ त्यांच्या हातातच. वरून तुझ्याच वयाची पोरं धडाधड उड्या मारत होती, हसत होती. यातलं काहीच तू सांगत नाहीस. 'मला ढकललं' एवढंच सांगतोस.

बाबा : बरं, भोपळा होता. मग?

आत्या : मग मला ढकललं तेव्हा भोपळा नव्हता. पोरं घरी गेली होती. काका काठावर उभे होते, पाण्यात कुणी नव्हतं. लगेच काढलं मला बाहेर, फार वेळ नाही लागला. पण मी आज बासष्ट वर्षांची आहे आणि समुद्रावर गेले तरी पाऊल भिजवून परत येते.

बाबा : हे तू कधी बोलली नाहीस.

आत्या : विचारलं कुणी? 'भित्री भागूबाई' म्हणून मोकळे झालात सगळे.

बाबा थोडा वेळ गप्प होते. मला वाटतं, धाडसी बालपणाच्या बहुतेक गोष्टी अशाच अर्ध्या सांगितल्या जातात. ज्याला जमलं तो सांगतो, ज्याला जमलं नाही तो गप्प बसतो, आणि पुढची पिढी ढकलण्यालाच शिकवणं समजते. बाबा पोहायला शिकले ते पाण्यात वाट बघणाऱ्या माणसामुळे, असं माझं स्पष्ट मत झालं. बाबांना ते अजून पूर्ण पटलेलं नाही. पण त्यांनी लगेच बाजू बदलून दुसरा मुद्दा काढला, आणि तो खरोखर बिनतोड होता.

बाबा : ठीक आहे, ढकलायचं नाही. मग काय आयुष्यभर कडेवर घेऊन फिरायचं? कुत्रा दिसला की याला उचलतात. रस्त्यात कुत्रा असला की रिक्षा करतात. परवा मित्राच्या वाढदिवसाला पाठवला नाही, का तर त्यांच्याकडे लॅब्रॅडॉर आहे. तुझ्या शास्त्रात हेच लिहिलंय का?

आत्या : नाही. इथे तू शंभर टक्के बरोबर आहेस.

बाबा : काय म्हणालीस? परत म्हण.

आत्या : बरोबर आहेस तू. त्याला उचललं की त्याची भीती त्या क्षणी उतरते, आईबापांचाही जीव भांड्यात पडतो. पण तो शिकतो काय? कुत्रा खरंच भयंकर आहे आणि मला उचललं म्हणून मी वाचलो, हे शिकतो. पुढच्या वेळी आणखी लांबूनच हात वर करतो. अमेरिकेत येल विद्यापीठात एली लेबोविट्झ म्हणून मानसशास्त्रज्ञ आहेत. त्यांनी उपचाराची एक पद्धत बसवली. तिच्यात मुलाला बोलवायचंच नाही, फक्त आईबापांनी यायचं. आपण मुलाच्या भीतीपायी काय काय करतो ते त्यांनी लिहून काढायचं, आणि त्यातली एकेक गोष्ट बंद करत जायचं. मुलांवर थेट उपचार केल्यावर जेवढा फरक पडतो तेवढाच यानेही पडला. २०२० साली त्यांचा अभ्यास छापून आला.

बाबा : म्हणजे ताप पोराला आणि गोळी बापाला!

आत्या : गोळी नाही रे, सवय बदलायची. आणि तीही आधी सांगून. 'सोमवारपासून मी तुला उचलून घेणार नाही. तुझा हात धरून शेजारून चालेन.' ऐनवेळी फाटकाशी नेऊन खाली ठेवायचं नाही, तो दगा होतो. सांगताना दोन गोष्टी एकाच दमात सांगायच्या : तुला भीती वाटते हे मला दिसतंय, आणि तुला हे जमणार आहे. आपण यातली एकच सांगतो. तू दुसरी सांगतोस, त्याची आई पहिली.

हे ऐकून मला आमच्या घरातली दोन माणसं डोळ्यांसमोर दिसली. वहिनी त्याला जवळ घेऊन 'हो रे बाळा, घाबरलास?' म्हणते आणि तिथेच थांबते. बाबा 'काही होत नाही, चल' म्हणतात आणि तेही तिथेच थांबतात. दोघांचं अर्धं अर्धं बरोबर आहे, आणि मूल मधे उभं आहे.

बाबा : बरं, शास्त्र राहू दे. उद्या सकाळी काय करायचं ते सांग.

आत्या : सांगते. पण आधी शंभर वर्षांपूर्वीच्या एका पोराची गोष्ट ऐक. मेरी कव्हर जोन्स नावाच्या बाई होत्या, न्यूयॉर्कमध्ये. त्यांच्याकडे पीटर म्हणून जेमतेम तीन वर्षांचा मुलगा होता. सशाला घाबरायचा, पांढऱ्या उंदराला घाबरायचा, फरच्या कोटालासुद्धा घाबरायचा. बाईंनी काय केलं? पीटरला खुर्चीत बसवून आवडता खाऊ द्यायचा, आणि ससा पिंजऱ्यात घालून खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवायचा. तो खाण्यात रमला की पिंजरा थोडा पुढे. खाणं थांबवून रडायला लागला की मागे. सशाला न घाबरणारी दुसरी मुलंही मधूनमधून खोलीत खेळायला सोडायची. शेवटी तो ससा पीटरची बोटं कुरतडायचा आणि पीटर मजेत बसायचा. १९२४ साली त्यांनी हे लिहून छापलं.

बाबा : म्हणजे लाच दिली.

आत्या : लाच म्हण हवं तर. पण त्याच वर्षी त्यांनी आणखी एक लेख लिहिला, तो तुझ्यासाठी आहे. मुलांची भीती घालवायच्या सगळ्या तऱ्हा त्यांनी करून पाहिल्या. घाबरवणारी वस्तू महिनोन् महिने नजरेआड ठेवली. भीती गेली नाही. समजावून सांगितलं, गोष्टी सांगितल्या. मुलं गोष्टीत रंगली, पण ससा आला की पुन्हा रडली. इतर मुलांना चिडवू दिलं, हसू दिलं. त्याने तर काहींची भीती वाढली. निर्विवाद उपयोग झाला तो दोनच गोष्टींचा : आवडत्या गोष्टीच्या सोबतीने हळूहळू जवळ नेण्याचा, आणि न घाबरणाऱ्या मुलांसोबत ठेवण्याचा.

बाबा : म्हणजे वरून उड्या मारणारी, हसणारी पोरं आणि पाण्यातले धाकटे काका.

आत्या : हेच तर मघापासून सांगतेय!

जोन्सबाईंच्या कामाला एक अंधारी पार्श्वभूमी आहे, ती बाबांनी विचारली नाही म्हणून मीच इथे सांगतो. त्याआधी १९२० च्या सुमारास जॉन वॉटसन आणि रोझाली रेनर यांनी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात वर्षाच्या आतल्या एका बाळावर प्रयोग केला होता. बाळाने पांढऱ्या उंदराला हात लावला की त्याच्या डोक्यामागे लोखंडी कांबेवर हातोडा मारायचा. थोड्याच दिवसांत ते बाळ नुसता उंदीर पाहून रडायला लागलं, मग सशाला, कुत्र्याला आणि फरच्या कोटालाही घाबरायला लागलं. ती भीती घालवण्याआधीच बाळाला तिथून नेण्यात आलं. विज्ञानाच्या नावाखाली झालेलं हे कृत्य मला आजही संताप आणतं. पण त्याहून जास्त त्रास होतो तो आपल्याकडे घरोघरी तोच हातोडा चालतो याचा. जेवत नाहीस तर बागुलबुवाला बोलावते, झोपला नाहीस तर पोलीस घेऊन जाईल, दंगा केलास तर डॉक्टरकाका टोचतील. भीती आपण तोंडाने पेरायची आणि मग 'एवढं काय घाबरायचं?' म्हणून मुलालाच विचारायचं. हे निखालस चूक आहे आणि ते आज बंद करता येण्यासारखं आहे.

आत्या : पीटरचं पुढे काय झालं ते राहिलं. मधेच त्याला स्कार्लेट फीव्हर झाला, जवळजवळ दोन महिने दवाखान्यात होता. घरी निघताना नर्सचा हात धरून टॅक्सीत चढत होता, तेवढ्यात एक मोठा कुत्रा अंगावर धावून आला. पीटर घाबरला, आणि नर्सही घाबरली. झालं, सगळी मेहनत पाण्यात. सशाचीसुद्धा भीती परत आली, पहिल्याइतकी.

बाबा : आता नर्सनेच असं केलं तर पोराने काय करायचं!

आत्या : मोठं माणूस घाबरलं की मूलही घाबरतं, हे वर्षभराच्या बाळांतही दिसलंय. जमिनीवर जाड काच, खाली खोलगट खड्डा दिसेल अशी. पलीकडे आई. बाळ रांगत काठाशी येतं, थांबतं आणि आईच्या तोंडाकडे बघतं. १९८५ च्या एका प्रयोगात आई हसरी होती तेव्हा बहुतेक बाळं काचेवरून पलीकडे गेली. आईने घाबरलेला चेहरा केला तेव्हा एकही गेलं नाही. आता तू आपल्या सुनेकडे बघ. कुत्रा दिसला की बोलत काहीच नाही ती, पण पोराचा हात असा काही घट्ट पकडते की त्याला कळायचं ते कळतं.

बाबा : तिलाही लहानपणी चावलाय ना कुत्रा. मग तिच्याऐवजी मी नेतो.

आत्या : ने की! तूच ने, म्हणूनच सांगतेय. पण माझ्या पद्धतीने. पहिले काही दिवस गॅलरीतून नुसतं बघायचं. कोण कुणाशी खेळतं, कोण कुठे झोपतं, शेपूट कधी आत जाते. त्याच्याकडूनच त्यांची नावं ठेवून घे. मग जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून बघायचं. मग वॉचमनच्या खुर्चीशी उभं राहायचं. तिथून पुढे किती पावलं ते त्याने ठरवायचं. मधेच भीती वाटली तर पळत घरी यायचं नाही, तिथेच तुझ्याजवळ उभं राहायचं, भीती आपण होऊन उतरेपर्यंत. उतरते ती. चढलेली असताना घरी आणलंस तर चढलेलीच भीती घरी येईल.

बाबा : आणि किती दिवस हे चालणार?

आत्या : लागतील तेवढे.

बाबा : हे मला नाही पटत. मुदत पाहिजे. पावसाळ्याआधी हा खाली क्रिकेट खेळला पाहिजे.

आत्या : मुदत तुझ्या डायरीत लिही, त्याला सांगू नको.

बाबा : आणि खाऊ मी देणार नाही. चार पावलं चालला म्हणून चॉकलेट? छे!

आत्या : नको देऊ. बॅट-बॉल घेऊन जा. तोही खाऊच आहे त्याला.

मुदतीचा आणि बक्षिसाचा वाद तिथे मिटला नाही, अजूनही चालू आहे. मला विचाराल तर रोज जावं हा बाबांचा हट्ट योग्य आहे. अधूनमधून, वेळ मिळेल तसं केलं तर मूल दर वेळी पुन्हा पहिल्या पायरीवर असतं. पाऊल कोणी टाकायचं हे मात्र मुलाच्याच हातात हवं.

रात्रीच्या भीतीवरही बोलणं झालं, ते थोडक्यात सांगतो. वाईट स्वप्न बहुधा पहाटेकडे पडतं, मूल जागं होतं, सांगतं आणि कुशीत शिरतं. त्याला जवळ घ्यावं. पण झोप लागल्यावर पहिल्या काही तासांत मूल एकदम किंचाळून उठून बसतं, डोळे उघडे असतात, ओळखत नाही, सकाळी काही आठवत नाही, हा प्रकार वेगळा. ते गाढ झोपेतच असतं. त्याला हलवून जागं करू नये. पडणार-लागणार नाही एवढं पाहावं आणि शेजारी बसावं. थोड्या वेळाने ते आपोआप शांत झोपतं. बाहेरचं काही झालं म्हणून दृष्ट काढणाऱ्या घरांना एवढं कळलं तरी पुष्कळ.

शेवटी बाबांनी विचारलं तो प्रश्न माझ्याही मनात होता.

बाबा : पण खरं सांग, कुत्रे चावतात की नाही? मग पोराला 'काही होत नाही' म्हणायचं तरी कसं?

आत्या : म्हणायचंच नाही. ते खोटं आहे, आणि पोराला ते कळतं. तू म्हणशील चावत नाही, आणि संध्याकाळी शेजारच्या मुलाला चावल्याची बातमी येईल. मग पुढे तुझ्या कुठल्याच शब्दावर तो विश्वास ठेवणार नाही. त्यापेक्षा कसं वागायचं ते शिकव. खात असलेल्या, झोपलेल्या कुत्र्याजवळ, पिल्लं असलेल्या कुत्रीजवळ जायचं नाही. कुत्रा अंगावर आला तर पळायचं नाही, हात अंगाशी घेऊन झाडासारखं स्तब्ध उभं राहायचं, डोळ्यांत डोळे घालायचे नाहीत. खाली पडलास तर पाय पोटाशी घेऊन, हातांनी मान-कान झाकून गोळा हो. घरात दोघांनी खेळ म्हणून करा हे. तू शिटी वाजव, त्याने झाड व्हायचं.

बाबा : हे मला जमेल. कवायतच आहे ही.

आत्या : आणि मुख्य गोष्ट. चावलं, दात लागला, नुसता ओरखडा उमटला, तरी घरी येऊन सांगायचं. जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायची आणि दवाखाना गाठायचा. हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही. लस सरकारी दवाखान्यात मिळते आणि ती दंडात देतात. पोटातली १४ इंजेक्शनं कधीच बंद झाली, पण अजून आपण मुलांना त्यांचीच भीती घालतो. त्या भीतीने, किंवा बाबा ओरडतील या भीतीने, मुलं ओरखडा लपवतात. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, दादा. शाळाशाळांतून फिरताना मला कुत्र्यापेक्षा या गप्प बसणाऱ्या पोरांची जास्त काळजी वाटायची. ज्या पोराला 'भित्रट' म्हणून हिणवलंय, ते असलं काही तुला येऊन सांगेल?

बाबांनी यावर काही उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी ते नातवाला घेऊन गॅलरीत उभे होते, आणि काळ्या कुत्र्याचं नाव काय ठेवायचं यावर दोघांचा वाद चालला होता. पुतण्या अजून वॉचमनच्या खुर्चीच्या पुढे गेलेला नाही. कडेवर जाणं मात्र बंद झालं आहे.

भीतीमुळे मुलाची शाळा सुटत असेल, झोप-जेवण बिघडलं असेल, आणि आठवड्यांमागून आठवडे तसंच चाललं असेल, तर घरच्या घरी वाद घालत बसू नका. १४४१६ हा केंद्र सरकारच्या टेलिमानसचा मोफत क्रमांक आहे. २०२२ पासून सुरू आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं. बाकी काही करा अथवा करू नका, आज रात्री मूल झोपण्याआधी त्याला एवढं सांगा : कुत्रं चावलं किंवा नुसतं ओरखडलं तरी मला येऊन सांग, मी रागावणार नाही. आणि ते सांगायला येईल त्या दिवशी खरंच रागावू नका.